तिचा खोकला आणि माझा शहाणपणा

माझी बायको निम्मं खरं खोकते आणि निम्मं मला ऐकवण्यासाठी खोकते, असं मी जवळजवळ दोन वर्षं धरून चाललो होतो. हे लिहायला बरं वाटत नाही. पण बसलोच आहे लिहायला तर आधी तेच सांगून मोकळा होतो, म्हणजे पुढे आडून आडून बोलायला नको.

तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. पोट दुखतंय म्हणून बाकावर डोकं टेकणाऱ्या पोरांपैकी कुणाचं खरं दुखतंय आणि कुणाला पाढे चुकवायचेत, हे आपल्याला वर्गाच्या दारातून कळतं, असा माझा समज होता. निवृत्त झालो, शाळा सुटली, समज काही सुटला नाही. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली आणि घरात उरलो आम्ही दोघं. पुण्याजवळच्या नांदे गावातलं घर, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, घरामागे गोठा आणि गोठ्यात दोन म्हशी. आजूबाजूची शेतं इमारतींखाली गेली. आमची बरीचशी आम्हीच विकली. भाताचं एक खाचर मात्र राहिलं ते तिच्या हट्टापायी. म्हशींना पेंढा घरचाच हवा, विकतचा नको, असं तिचं म्हणणं होतं.

खोकला सुरू झाला तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नांद्यापासून शेजारच्या चांदे गावापर्यंत रस्त्यावर सिमेंटचे मिक्सर धावत होते, खिडकी पुसली की दुपारपर्यंत तिच्यावर बोट फिरवून नाव लिहिता येत होतं. "धुळीनं व्हतंय," असं शेजारणी म्हणाल्या. मीही तेच म्हणालो. गावातल्या डॉक्टरांनी आधी पातळ औषध दिलं, मग दम्याचा पंप दिला. पंपाने महिनाभर बरं वाटल्यासारखं झालं, मग तेही वाटेना. मग एक्स-रे काढला, त्यात डाग दिसले. बेडक्यात टीबीचे जंतू काही सापडले नाहीत, पण "सुरू करून बघू" म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिने तिने त्या न चुकता घेतल्या. लघवी लाल व्हायची, अन्नाचा वास नको व्हायचा, वजन उतरलं. खोकला जागच्या जागी राहिला.

या काळात मी तिच्याबरोबर सगळीकडे गेलो, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. फाइल माझ्याच पिशवीत असायची. रांगेत मीच उभा राहायचो. पण माणूस बरोबर असतो म्हणजे बाजूने असतोच असं नाही.

मग कुणीतरी सांगितलं की फुंकायची तपासणी करा, त्यात फुप्फुसाची ताकद कळते. एका लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलाने तिच्या नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि शर्यत लावल्यासारखा ओरडू लागला, "मावशी, जोरात! एकदम जोरात! अजून, अजून, अजून, अजून!"

तिने फुंकलं, पण तिला ठाऊक होतं तसं. घरात गॅस येऊन कित्येक वर्षं झाली, तरी परसातली पाणी तापवायची चूल ती रोज पेटवते. चुलीत फुंकणीने फुंकायचं ते हळू, लांब आणि बेताने. जोरात फुंकलं तर राख तोंडावर येते आणि जाळही विझतो. जन्मभर जी बाई असं फुंकत आली तिला कुणी एकदम 'फाड्‌दिशी फुंक' म्हटलं तर तिचं तोंड ते ऐकत नाही. तिने सात वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी तीच संथ, लांब फुंकर. शेवटी तिला चक्कर आली.

"आगं, जीव लावून फुंक की जरा!" मी म्हणालो. "इवलीशी पोरं करत्यात हे."

"लावलाय जीव," ती म्हणाली. "आता कुटनं आनू?"

तो मुलगा हसला आणि मी त्याच्याबरोबर हसलो. रिपोर्टवर इंग्रजीत शेरा आला: रुग्णाने पुरेसा प्रयत्न केला नाही, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. असा शेरा मी स्वतः शेकडो प्रगतिपुस्तकांवर मारलेला होता. तो खोटा असू शकतो हे माझ्या मनातही आलं नाही. पुढचे डॉक्टर फाइल उघडायचे, तो शेरा वाचायचे आणि तिच्याकडे बघायची त्यांची नजर बदलायची. मला ते दिसत होतं आणि आतून थोडं बरंही वाटत होतं, की चला, मी एकटाच नाही.

त्यानंतर नाशिकला मुलीचा पाय मोडला. ही मदतीला महिनाभर गेली. पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला, "बाबा, आई इथे खोकत नाहीये हो. काल तिसऱ्या मजल्यापर्यंत भाजीची पिशवी घेऊन चढली." महिन्याने परत आली तेव्हा चेहरा भरला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंग कसकसलं, बारीक ताप आला आणि खोकला पुन्हा सुरू झाला.

रविवारी पोट न दुखणारी आणि सोमवारी दुखणारी पोरं मी खूप पाहिली होती. मी तिला तोंडावर म्हणालो, "लेकीकडं गेली की बरी. हितं आली, कामाला लागली, की झालं सुरू. तुजा खोकला लई हुशार हाय."

ती उठून गोठ्याकडे गेली. त्यानंतर घरात तिचा खोकला कमी झाला. मला वाटलं, औषध लागू पडलं.

आमच्या वरच्या मजल्यावर लातूरकडचा एक मुलगा राहतो, हिंजवडीत कंपनीत आहे. तो सहसा खाली मान घालून जातो-येतो. एके दिवशी जिन्यात थांबून म्हणाला, "काका, राग मानू नका, पण काकूंना पाण्याची बादली उचलून दहा पावलंही चालवत नाहीये. मी गॅलरीतून बघतो रोज. पुण्यात एका हॉस्पिटलमध्ये फुप्फुसांच्या आजारांवर संशोधन चालू आहे. मी फोनवर बघून ठेवलंय. नाव नोंदवू का?"

राग आलाच. माझ्या बायकोला किती पावलं चालवतं हे भाडेकरूने मला सांगावं, याचा आला. पण नोंदव म्हणालो. संशोधन या शब्दाची मला भीतीच होती. उंदरांवर करतात ते आपल्यावर करणार, एवढीच माझी कल्पना. तिथे संमतीपत्र दिलं, नऊ पानांचं, मराठीत. मी ते शब्दन्‌शब्द वाचलं आणि पेन्सिलीने त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही दुरुस्त केल्या. ही शेजारच्या खुर्चीत भिंतीला डोकं टेकून बसली होती. "झालं का तपासून?" एवढंच म्हणाली.

तिथे फुंकायचं यंत्र वेगळं होतं. म्हणजे फुंकायचंच नव्हतं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, दोन्ही तळवे गालांवर, आणि आपण रोज घेतो तसा साधा श्वास घ्यायचा. यंत्र आतून बारीक कंप सोडतं आणि ते फुप्फुसातून कसे परत येतात त्यावरून नळ्यांची अवस्था ओळखतं. अर्ध्या-पाऊण मिनिटात झालं.

"इतकंच?" तिने विचारलं.

"इतकंच, काकू. छान केलंत," तिथली मुलगी म्हणाली.

दोन वर्षांत तिला कुणी छान केलंत म्हटलं नव्हतं. तिचे डोळे भरले आणि मी छतावरच्या पंख्याकडे बघत बसलो. ज्यांना जोरात फुंकणं जमत नाही, म्हातारी माणसं, लहान मुलं, अशांसाठी हे यंत्र कितपत उपयोगी पडतं, यावर सध्या बऱ्याच ठिकाणी अभ्यास चाललेत, असं ती मुलगी सांगत होती. मी मान डोलावत होतो. मला त्या लॅबमधलं माझं हसणं आठवत होतं.

मग सीटी स्कॅन झाला. आठवड्याने डॉक्टरांनी बोलावलं. बाई तरुण, बीडकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांच्यासमोर एक लांबलचक प्रश्नावली होती. घरात पक्षी आहेत का, कबुतरं बसतात का, कूलर आहे का, भिंतीला ओल येते का, पिसांची उशी आहे का. मी भराभर नाही नाही म्हणत होतो. घरी जायची घाई होती, वाटेत हिंजवडीच्या रस्त्याला अडकलो की दीड तास जातो.

"घर सोडून कुठे गेल्यावर बरं वाटतं का?" त्यांनी विचारलं.

ही माझ्याकडे बघायला लागली. तिने उत्तर दिलं नाही. ते मीच द्यावं म्हणून ती थांबली होती, हे मला कळलं.

"नाशिकला," मी म्हणालो. "मुलीकडे महिनाभर होती तेव्हा खोकला नव्हता."

"आणि परत आल्यावर?"

"तिसऱ्या दिवशी सुरू झाला. तापासकट."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ज्या गोष्टीवरून मी तिला खोटी ठरवली होती, तीच ऐकून त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी तिला विचारलं, "काकू, सकाळपासून काय काय करता ते क्रमाने सांगा. काही सोडू नका."

ती सांगू लागली. चूल, पाणी, मग गोठा. शेण काढायचं, पाणी दाखवायचं, पेंढा टाकायचा. "पावसात गंजीची खालची पेंढी भिजती. तिला पांढरी-हिरवी बुरशी धरती. तशी न्हाई टाकत आमी म्हशीला. खांबावर आपटायची, चांगली धा-बारा येळा. धुरळा उडून जातो समदा. मंग गव्हानीत टाकायची. माज्या सासूनं शिकिवलंय."

"का आपटायची?"

"आवो, बुरशी पोटात गेली तर म्हशीला खोकला व्हतो," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं. ते आपटणं मी हजारो वेळा पाहिलं होतं. पहिल्या उन्हात गोठ्याच्या दारात तो धुरळा वर चढायचा आणि ती त्यात उभी असायची. किती नीटनेटकी बाई म्हणून मला त्याचा अभिमानही होता.

"रोज किती वेळ असता गोठ्यात?"

"आदी तासभर. आता दोन-तीन तास जात्यात."

"काम वाढलंय का?"

ती पदराशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "काम न्हाई वाढलं. खोकला आला की तिकडं जाते मी. घरात ह्यांना तरास व्हतो."

घरातला खोकला कमी झाला तो औषधाने, असं मी समजलो होतो.

डॉक्टरांनी स्कॅन पडद्यावर लावला. संगणकाने त्यात रंग भरले होते. चांगला भाग निळा, सूज आलेला भाग पिवळा, वण पडलेला भाग लाल. आता हे मोजमाप संगणक करतो, म्हणजे दर वेळी वण किती वाढला ते नेमकं कळतं, असं त्या म्हणाल्या. बुरशीची बारीक धूळ वर्षानुवर्षं आत जाते, काहींच्या शरीराला ती सोसत नाही, शरीर तिच्याशी भांडतं आणि त्या भांडणात फुप्फुसालाच सूज येते. सूज औषधाने उतरते. पण ती फार दिवस राहिली की तिचा वण होतो. वण जात नाही. टीबी बहुधा कधी नव्हताच. सूज उतरवायच्या गोळ्या द्यायच्या आणि त्यांच्याबरोबर आणखी एक गोळी. ती वण पुसत नाही, त्याच्या पसरण्याचा वेग कमी करते. आधी ती दुसऱ्याच एका आजारासाठी होती, गेल्या काही वर्षांतल्या अभ्यासांवरून या आजारातही द्यायला लागलेत. "पण पहिलं औषध म्हणजे पेंढ्यापासून लांब राहणं," त्या म्हणाल्या. "ते झालं नाही तर बाकी सगळं फुकट."

"म्हशींचं मी बघतो," मी घाईने म्हणालो. "ही गोठ्यात पाऊल ठेवणार नाही."

"काका, तुमच्या कपड्यांवरून घरात येईल ते. आणि पेंढ्याची गंज कुठे रचलीय?"

गंज आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीला लागून होती.

म्हशी जाणार म्हटल्यावर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "म्हशी दिऊन म्या काय करू? दिसभर टीव्ही बघू?" शेवटी लवासाच्या वाटेवर तिच्या भावाचं गाव आहे, त्याने दोन्ही न्यायचं कबूल केलं. टेम्पो आला तेव्हा ती तोंडाला मास्क लावून घरातच थांबली. खिडकीच्या काचेतून भावाला ओरडून सांगत होती, "पेंढी आपटू नगं! वली असली तर टाकून दे सरळ! आन तोंडाला फडकं बांद!" तिला दोन शब्दांमागे थांबावं लागत होतं. भाऊ नुसता हो हो म्हणत होता. म्हशी गेल्यावर ती दार लावून आत जाऊन झोपली. मी तीन दिवस एकट्याने गोठा साफ केला, उरलासुरला पेंढा दुसऱ्याच्या रानात नेऊन टाकला, बाहेरच्या नळावर अंघोळ करून मगच घरात पाऊल ठेवलं. हात सोलवटले. फार थकलो.

पुढचे सहा महिने सांगण्यासारखे नाहीत. सूज उतरवायच्या गोळीने तोंड सुजलं. दुसऱ्या गोळीने जुलाब सुरू झाले, जेवणावरची वासना गेली. दर महिन्याला पुण्याला जायचं, रक्त द्यायचं, रांगेत बसायचं, परत यायचं. मी मऊ भात शिजवायला शिकलो आणि तो तिला आवडत नाही हेही शिकलो. खोकला कमी झाला. दम मात्र लागतच राहिला. बोलताना लागायचा, पोळी लाटताना लागायचा, साडी नेसताना निऱ्यांपर्यंत आली की पलंगावर बसायची. कधीकधी मला वाटायचं, आता आपल्या दोघांनाही कुणी काही विचारू नये, नुसतं पडू द्यावं.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. तिला वजन करायला आत नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी मला दोन्ही चित्रं शेजारीशेजारी दाखवली. पिवळा भाग बराच कमी झाला होता. लाल भाग होता तिथेच, तेवढाच होता.

"स्थिर आहे, काका. ही चांगली बातमी आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याला हेच हवं होतं."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "दोन वर्षं आधी आलो असतो तर?"

त्यांनी आधी टाळलं. मी तसाच बसून राहिलो. मग त्या म्हणाल्या, "तेव्हा यातलं बरंचसं पिवळं असणार. बरंचसं वाचलं असतं. पण तुम्हाला कुठे माहीत होतं?"

मला माहीत होतं. आजाराचं नाव नव्हतं माहीत, पण नाशिकला ती बरी होते आणि घरी आली की तिसऱ्या दिवशी पडते, हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ते मी डॉक्टरांना सांगायचं सोडून तिलाच ऐकवलं होतं.

बाहेर आलो तर ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. उठली, आणि आम्ही गेटकडे चालू लागलो. थोडं चालल्यावर कठड्याला धरून थांबली. "काय म्हन्ल्या?" तिने विचारलं.

स्थिर आहे म्हणाल्या, एवढंच सांगता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. मी म्हणालो, "हाय तेवढ्यावर थांबलंय. पर दोन वर्सं आदी आलो असतो तर बरंचसं वाचलं असतं म्हनल्या. माज्यामुळं ऱ्हायलं ते. माजं चुकलं."

लग्नाला चौतीस वर्षं झाली. हे शेवटचे दोन शब्द तिने माझ्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू लाल झाला. हा राग मला ओळखीचा आहे. तो आला की ती पदर खोचते आणि लग्नापासूनचं सगळं एका दमात बाहेर काढते. मी मान खाली घालून उभा राहिलो. खरं तर मला ते हवं होतं.

"तुमी," ती म्हणाली. "दोन वर्सं. मी त्या गोठ्यात—"

एवढ्यावर तिला दम लागला. तिने कठडा घट्ट धरला, खांदे वर-खाली होऊ लागले. मी हात पुढे केला, तो तिने झटकला. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा पहिल्या शब्दालाच श्वास संपला. असं तीन वेळा झालं. माणसं आमच्या बाजूने जात-येत होती. चौथ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही. मला सांगायचं दोन वर्षांचं तिच्याकडे साठलेलं होतं, आणि ते सांगून संपवायला लागेल एवढा श्वास आता तिच्याकडे कधीच असणार नव्हता. तिने डोळे पुसले, माझ्या हातातली फाइल काढून स्वतःच्या काखेत धरली आणि म्हणाली, "चला."